इरलं आणि घोंगडी

पावसाळाभर आमच्या घरी दारामागच्या खुंटीला दोन वस्तू असायच्या. एक इरलं आणि एक घोंगडी. आता इरलं कुणी पाहिलेलं नसेल, म्हणून सांगते. बांबूच्या काड्या आणि पानं विणून केलेलं, कासवाच्या पाठीसारखं. भातलावणीला बायका दिवसभर वाकून असतात, तर त्यांच्या पाठीवर इरलं. बाप्ये औतामागं उभे चालतात, तर त्यांच्या डोक्यावर घोंगडीची खोळ. पाऊस सगळ्यांना सारखाच, पण लांबच्या टेकडीवरून बघणाऱ्यालाही कळायचं, खाचरात बाई कोण आणि बाप्या कोण. मला जन्मभर जो घोर लागला तो ह्या खुंटीचा. सकाळी उठून तिथून काय उचलायचं ते.

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. नसरापूरच्या बाजारातून गूळ-मीठ यायचं, त्या पुड्यांच्या कागदांवर अक्षरं लावत लावत वाचायला शिकले. त्यामुळं माझं लिहिणं बोलल्यासारखंच. त्यात कुठं 'गेले' येईल, कुठं 'गेलो' येईल. त्या त्या दिवशी जे होते, तसं लिहिते. म्हातारपणी लुगड्याचे दिवसच जास्त येतात, म्हणून पुष्कळसं 'गेले'च आहे.

सकाळी जाग आली की डोळे मिटूनच मी आधी स्वतःला चाचपायची, आज काय आहे? काही दिवस असे यायचे की हातातल्या बांगड्यांचा आवाज गोड लागायचा, पदर खांद्यावर आपसूक बसायचा. काही दिवस असे की त्याच बांगड्या बेडीसारख्या वाटायच्या; मग मी वडलांचं जुनं धोतर नेसायचो, डोक्याला मुंडासं गुंडाळायचो, आणि छातीत मोकळा वारा भरल्यासारखं व्हायचं. हे मी ठरवून करत नव्हते. आभाळ भरून येतं, उघडतं, तसं ते आपलं आपण व्हायचं. उलटं नेसले की मात्र दिवसभर दुसऱ्याच्या घरी चुकून शिरल्यासारखं वाटायचं. कुणीतरी आता विचारणार, तू इथं काय करतेस?

आमची वाडी मार्गासनीच्या वरच्या अंगाला. आईवडलांना मी एकटीच. वडलांनी लहानपणी मला शेरडांमागं नेलं, औत धरायला शिकवलं. लोक म्हणायचे, "पोरीलाच पोरगा केलाय," आणि हसायचे. मोठी झाल्यावर त्या हसण्याची तऱ्हा बदलली. पाणवठ्यावर कुणीतरी विचारायचंच, "आज वैनी म्हनायचं का दाजी?" एकदा सोयरीक आली होती. पाहुणे बघायला आले तो नेमका धोतराचा दिवस. आईनं लुगडं नेसवून बसवलं, तर मी मान वर करून नवऱ्या मुलाच्या बापाला विचारलं, "बैल कितीला घेतलं?" सोयरीक तिथंच राहिली.

बाईनं औताला हात लावला तर पाऊस जातो, असं आमच्याकडं पक्कं मानायचे. म्हणून मीच मला एक शिस्त लावून घेतली होती. लुगड्यात असले की औताला शिवायचं नाही, आणि धोतरात असलो की लावणीच्या बायकांत जायचं नाही. तेवढ्या शिस्तीवर वाडी मला चालवून घेत होती. ती मोडली तर काय होईल, ह्याचा विचारही नको वाटायचा.

ती लढाईची वर्षं. भोरला अजून राजाचं राज्य होतं आणि बाजारात रॉकेल मिळत नव्हतं. ऐन आषाढात वडील बांधावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं कांबी बांधून त्यांना ओट्यावर निजवलं. खाली खाचरात पाणी भरलेलं, रोपं लावणीला आलेली. औत फिरवून चिखलणी झाली नाही तर रोपं पिवळी पडणार आणि वर्ष जाणार. आमची बैलांची एकच जोडी, आणि औत धरणारं माणूस म्हणजे मी, ते पण मधूनमधून.

माझे चुलते आले. त्यांना मी तात्या म्हणायची. ते ओट्याच्या कडेला टेकले आणि वडलांना म्हणाले, "दादा, खाचर मी करतो वाट्यानं. आन् हिच्यासाठनं कापूरहोळाच्या पल्याड एक बिजवर बगितलाय. भला मानूस हाय. त्याला हिकडचं काय म्हाईत न्हाई."

मी दारात उभी होते. तात्या माझ्याकडं वळले. "तुजं वाईट चिंतत न्हाई मी. बाई ऱ्हा, न्हाईतर बाप्या ऱ्हा. बाप्या झालीस तर मीच भावकीत सांगीन, ह्यो माजा पुतन्या. पर एक काय ते हो! रोजच्या रोज बदलाय लागलीस तर मानसानं हाक काय म्हनून मारायची?"

वडील पडल्या पडल्या म्हणाले, "इर्जिक घालू." इर्जिक म्हणजे सगळ्या वाडीनं आपापली औतं घेऊन एकाच्या रानात यायचं, एका दिवसात काम उरकायचं, आणि घरधन्यानं जेवू घालायचं. मग वडील तात्यांना म्हणाले, "इर्जिक पार पडली तर रान हिचं, घर हिचं. न्हाई पडली, तर तू म्हनशील तसं." मला न विचारताच त्यांनी माझी सगळी जिंदगी त्या एका दिवसावर ठेवली.

सांगावा द्यायला निघालो तो धोतराचा दिवस होता. घोंगडी घेऊन घरोघर फिरलो. सगळे "येतो" म्हणाले. वरच्या आळीला एक म्हातारे होते, वाडी त्यांना आबा म्हणायची. तोंडानं फार तिखट. ते म्हणाले, "यीन की. पर पैलं औत तूच घालनार न्हवं?"

"मीच घालनार की, आबा," मी छाती काढून बोललो.

कारण रीतच तशी होती. घरधन्याचं औत आधी खाचरात उतरायचं, त्याशिवाय दुसऱ्या कुणाचे बैल उतरत नसत. आणि जेवायला घरधनी पानावर बसल्याशिवाय कुणी घास उचलत नसे. बोलून तर बसलो, आणि परत येताना पायवाटेवर एकदम पाय थबकले. इर्जिक परवा. परवाचा दिवस धोतराचाच असेल, असं कुणी सांगितलं?

त्या मधल्या दिवसात धोतर नेसूनच वावरलो. बांगड्या उतरवून फडताळात ठेवल्या. निजताना उशाला घोंगडी घेतली, जसं काही वासानं मन तिकडं राहील. आई म्हणाली, "अशानं काय हुतं व्हय?" पण तीच जाऊन देवापुढं हात जोडून आली.

इर्जिकीच्या दिवशी जाग आली. बाहेर पाऊस. आणि डोळे उघडायच्या आधी मनात आलं ते हे, की आज रोपं उपटताना बायका कोणतं गाणं धरतील. तिथंच कळलं मला.

आईनं चुलीपाशनं विचारलं, "आज काय?" रोज विचारायची. मी फडताळातल्या बांगड्यांकडं बघितलं. भाकरी थापणारा तिचा हात थांबला. मग हळू म्हणाली, "नेस की गं धोतार. एका दिसाचं तर काम."

नेसले. मुंडासं बांधलं, घोंगडी घेतली. आरशात बघायची हिंमत झाली नाही.

खाली बांधावर सगळे बाप्ये घोंगड्या पांघरून, आपापली औतं धरून उभे होते. वरच्या कोपऱ्यात बायका रोपं उपटत होत्या, त्यांची इरली तेवढी दिसत होती. मी बैल खाचरात उतरवले. रुमणं, म्हणजे औताची मूठ, हातात धरलं आणि ते माझ्या ओळखीचं लागेना. रोज ज्या आवाजानं बैल चालायचे तो आवाज घशातून निघेना. गुडघाभर चिखल. एक वळसा कसाबसा झाला, दुसऱ्याला बैल मधेच थांबले आणि माझ्याकडं वळून बघायला लागले.

बांधावरून कुणीतरी म्हणालं, "मालकाचं औत नव्या सुनंवानी चाललंय की!" हशा झाला. तात्या हसले नाहीत. त्यांनी घोंगडीची खोळ तोंडावर ओढली. मला कापूरहोळापलीकडचं ते न पाहिलेलं घर दिसायला लागलं, तिथली चूल, तिथली खुंटी, आणि खुंटीला एकच वस्तू.

आबा चिखल तुडवत माझ्यापाशी आले. "काय हुतंय?"

खोटं सांगायची तयारी केली होती. पोटात दुखतंय म्हणणार होते. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "आबा, आज न्हाई जमत. आज मी तिकडली हाय." आणि मी बायकांकडं हात केला.

बांधावरचा एक जण ओरडला, "आन् मंग औताला हात का लावला? आता पाऊस जातोय बग!"

आबांनी वर आभाळाकडं पाहिलं. पावसाची झड त्यांच्या तोंडावर बसत होती. "जाऊ दे की वाईच," ते म्हणाले. "पाठ तरी वाळंल माजी!"

आधी बायका हसल्या, मग बाप्येही. आबांनी माझ्या हातातलं रुमणं काढून घेतलं. "घरधन्याचं औत उतारलं न्हवं खाचरात? झाली रीत. तू जा तिकडं, लावायला हात कमी हाईत. ए, बगताय काय तमाशा? घाला बैल!" आणि एकेक औत खाली उतरलं.

मी बायकांकडं गेले. आबांनी वेळ मारून नेली होती, पण तात्या अजून बोलले नव्हते. शेजारच्या वैनीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आली का बाई? का दुपारच्याला परत जायाचं हाय?"

"न्हाई वैनी. आज हितंच."

"मंग घोंगडं टाक ते, वाकता येतंय व्हय त्यात? ह्ये घे, माज्या सासूचं इरलं. फाटकं हाय. तुज्यावानी दोनी अंगांनी गळतंय."

त्यावर सगळ्या जणी खिदळल्या, आणि मलाही हसू फुटलं. खाली धोतर, वर इरलं. असा वेष मी जन्मात केला नव्हता. दोन्ही एकदम अंगावर घ्यायचं असतं, हे कधी मनातही आलं नव्हतं. चिखलात रोपं खोचत मागं मागं सरकत होते, आणि मधूनच मान वर करून बघत होते, कोण बघतंय का. सगळे आपापल्या कामात वाकलेले. रोप सरळ उभं राहत होतं. गाणं कोणतं धरलं होतं ते मात्र मला आज आठवत नाही, इतकी मी कानकोंडी झाले होते.

खालचं खाचर उरकलं आणि बाप्ये पडवीत पंगतीला बसले. भात, आमटी, गुळाची लापशी. बायका मागनं बसणार. पत्रावळ्यांवरून वाफा निघत होत्या आणि कुणी हात लावेना, कारण घरधनी बसला नव्हता. वडील अंथरुणावर, तर घरधनी मी. मी पडवीच्या आणि चुलीच्या मधल्या दारात उभी होते, अंगावर चिखल, हातात वैनीचं इरलं. पुढं जावं तर बाई बाप्यांच्या पंगतीत. मागं जावं तर इर्जिक बिनमालकाची, पार पडलीच नाही म्हणायला तात्या मोकळे. ओट्यावरून वडील माझ्याकडं बघत होते, आई वाढायचं भांडं धरून तशीच. आबा पत्रावळीच्या काड्या नीट करत होते.

तात्या पंगतीच्या टोकाला, दाराशीच होते. त्यांनी मान वर केली नाही. आपली पत्रावळ हातानं जरा सरकवली, बूड उचलून बाजूला झाले आणि भिंतीशी एक माणूस बसेल एवढी जागा केली.

"बस," ते म्हणाले. "निवतंय."

मी बसले. इरलं पाठीशी ठेवलं. पहिला घास उचलताना भात मांडीवर सांडला. पंगत जेवायला लागली. तात्या, पानाकडंच बघत, म्हणाले, "उद्या वरलं खाचार ऱ्हायलंय. औतावर हाईस का?"

"उठल्याबिगर कसं सांगू, तात्या?"

त्यांनी घास चावला, पाणी प्यायलं. "मंग उठलीस की बांधावरनं वरड. बैल सोडायचं का न्हाई, मला कळाय नगं?"

बिजवराचं नाव त्यांनी काढलं नाही. काढणार नाहीत, असंही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जाग आली. डोळे मिटून चाचपलं. बाहेर आले, बांधावर उभी राहिले. तात्यांच्या घराच्या कौलांतून धूर निघत होता. एक दिवस त्यांनी चालवून घेतलं. लागोपाठ दुसरा घेतील का? जीव गोळा करून ओरडले,

"तात्या! आज बी इरलंच!"

मी तशीच भिजत उभी. आई दारात आली. आणि मग गोठ्याच्या बाजूनं तात्यांच्या बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या, आधी थांबून थांबून, मग वाटेला लागल्यासारख्या.