हळदीचा पिवळा
लग्नसराईत फोटो सुधारून सुधारून डोळे चुरचुरतात, आणि अशात कुठून हळदीचा वास आला की लाखांदूरच्या फोटोच्या दुकानात आलेली ती बाई आठवते. मी तेव्हा रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्यातले मूळ कच्चे फोटो, सुधारायला नुकताच शिकत होतो, आणि रंग बरोबर करायच्या नादात नवरीच्या तोंडावरची हळदच पार उडवली होती. पोरीची पाठवणी करून दोन दिवसांनी तिची आई फोटो पाहायला आली. तिनं आपला पिवळा तळवा स्क्रीनला लावला. “माह्या हातावर अजून हाये, मंग पोरीच्या तोंडावरची कुठी गेली जी?” रॉ फाईलमध्ये मूळ रंग शाबूत होता, तिच्या तळव्याकडे बघत मी तो हळूहळू परत आणला. पूर्ण जुळला तरी तिनं हात काढला नाही. आजही कॉम्प्युटर तो पिवळा आपणहून काढतो, मी थकल्या डोळ्यांनी परत आणतो. जुळवून बघायला तो तळवा तेवढा नसतो.