नऊ फुटांपलीकडचं

सुप्रीताचा हात लागला की फोनचा कॅमेरा सुधारतो, अशी बेंगळुरात जयनगरच्या त्या सात माणसांच्या कंपनीत ख्याती होती. कंपनी लिनक्सवर चालणारे फोन विकायची. म्हणजे असे फोन, ज्यांच्या आत डोकावायची कुणालाही मोकळीक असते. बिघडलं तर स्वतः दुरुस्त करावं, आणि नाही जमलं तर इंटरनेटवर जाऊन कुणाच्या तरी नावानं शंख करावा. गेले दोन महिने हा शंख सुप्रीताच्या नावानं चालला होता.

तक्रार एकच. जवळचं लख्ख दिसतं, लांबचं धूसर. हासनच्या एका मास्तरांनी पाठवलेल्या फोटोत डोंगर कुठला आणि ढग कुठला ते कळत नव्हतं. धारवाडच्या एका बाईंनी येणाऱ्या बसची पाटी टिपली होती, ती पाटी आहे एवढंच समजत होतं. सोमवारी कंपनीच्या रघुपतीचा फोन आला. तो कानडीत, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "अक्का, शुक्रवारी पाचपर्यंत वाट बघतो. तोवर दोष सापडला नाही तर कॅमेरा दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल. तुमच्यावर राग नाही, पण लोक फोन परत पाठवतायत."

पगाराचं तिला एवढं वाटलं नसतं. त्रिविक्रमरावांची, म्हणजे तिच्या अप्पांची पेन्शन दोघांना पुरत होती. पण हे काम गेलं असतं तर तिच्या वाट्याला एक पलंग, एक चमचा आणि भिंतीवरचं घड्याळ एवढंच उरलं असतं. 

अप्पांना चौदा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, गिळण्याची ताकदही कमी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, दर तासाला मान वर धरून चार-पाच चमचे पाणी पाजा, घसा कोरडा पडू देऊ नका. कोरडा पडला की उबळ यायची आणि चेहरा जांभळा व्हायचा. पाणी पाजायला बाई ठेवता आली असती. सुरुवातीला ठेवलीही होती. पण अप्पांची मडी आड आली. मडी म्हणजे सोवळं. बेंगळुरातल्या जुन्या मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या राहून सोवळंसुद्धा कानडी झालं आहे. अप्पांनी पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, पण तिथलं पाणी कधी ओठाला लावलं नाही. घरून फिरकीचा तांब्या न्यायचे. त्या बाईनं अंग पुसलेलं चालायचं, चादर बदललेली चालायची, पण तिनं चमचा पुढे केला की तोंड बंद. हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते अप्पांनाच ठाऊक.

सुप्रीता सकाळी न्हाऊन मडीची साडी नेसायची ती संध्याकाळपर्यंत. त्या साडीत फोनला हात लावावा की नाही यावर बापलेकीत एकदा रीतसर वाद झाला होता. शेवटी अप्पांनी निवाडा दिला: काच आणि धातू, म्हणजे भांड्यातच मोडतं, हरकत नाही. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी आपली नोकरी भांड्यांच्या सदरात वाचली, याचं तिला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नसे.

झटक्यानंतर पहिल्या महिन्यात ती कोपऱ्यापर्यंत जाऊन यायची. एके दिवशी भाजी घेऊन परतली तर अप्पांना उबळ आलेली, वरच्या मजल्यावरच्या शिवलीलाअक्का पेला घेऊन उभ्या, आणि अप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलेलं. उबळ आपोआप शमली. पण सुप्रीतानं त्या दिवशी पक्कं ओळखलं की हा माणूस मरेल, पण परक्याच्या हातचं पाणी पिणार नाही. तेव्हापासून तिनं घराचा उंबरठा ओलांडला नाही. भाजी दारात यायची, औषधं दारात यायची. अप्पांना ती नजरेसमोर लागायची म्हणून तिचं कामाचं टेबलही त्यांच्याच खोलीत आलं. दहा मिनिटं ती स्वयंपाकघरात रेंगाळली की हाक यायची, "सुप्री, कुठं गं? एल्लिदी?" खोलीला एक खिडकी होती. तिच्यातून चार फुटांवरची शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची.

दोष शोधायला तिनं काही म्हणून बाकी ठेवलं नाही. कॅमेऱ्याच्या भिंगामागे एक बारीकशी मोटर असते. तिला आकडा दिला की भिंग पुढे-मागे सरकतं. आकडा मोठा तर जवळचं स्पष्ट, लहान तर लांबचं. पूर्वी फोन शून्यापासून हजारापर्यंत सगळे आकडे चाचपत बसायचा आणि तोवर समोरचं पोर पळून जायचं. सुप्रीतानं उन्हाळ्यात एक तक्ता करून दिला, अमुक अंतराला अमुक आकडा. फोननं त्या तक्त्यातच शोधायचं, बाहेर भटकायचं नाही. फोटो झटपट निघू लागले. सगळ्यांनी वाहवा केली, आणि पुढच्याच महिन्यात तक्रारी सुरू झाल्या.

मंगळवारी तिनं मोटरवर संशय घेतला. बुधवारी भिंगांवर. कंपनीनं तक्रारवाल्यांचे चार फोन तिच्याकडे पाठवले होते. तिनं ते एकेक करून स्टँडवर लावले आणि कपाटाच्या दारावरच्या पंचांगाचे फोटो काढले. तिथी, वार, नक्षत्र, बारीक टायपातला राहुकाळसुद्धा वाचता येत होता. चारही फोन गुणी बाळासारखे वागले. हासनला बिघडतो तो फोन राजाजीनगरात आपल्या घरी येऊन शहाणा कसा होतो? तिला वाटलं, लोक खोटं बोलतात. मग वाटलं, आपलंच डोकं चालेनासं झालंय. गुरुवारी दुपारी ती टेबलावर डोकं टेकून रडली, आवाज न करता, कारण अप्पा जागे होते.

संध्याकाळी शिवलीलाअक्का डोकावल्या. बाई मूळच्या बिदरकडच्या भालकीच्या, बँकेत नोकरीला, बोलायला मोकळ्या. सुप्रीतानं त्यांच्या हातात एक फोन दिला आणि म्हणाली, "वाळलेले कपडे आणायला गच्चीवर जाताय ना? एक फोटो काढून आणा. लांबचा कसलाही."

त्या पाच मिनिटांत परत आल्या. फोटोत पलीकडच्या इमारती विरघळल्यासारख्या दिसत होत्या.

"हात हलला तुमचा," सुप्रीता म्हणाली.

"हात हलल्यावर सगळंच हलतंय की! ही दोरी बघ. दोरीवरचा चिमटा बघ, त्याच्या स्प्रिंगचे वेढे मोजून घे. आन् पलीकडचं सगळं स्वल्प तूप चोपडल्यावाणी." त्यांनी फोन परत दिला आणि सुप्रीताकडे नीट पाहिलं. "तूच का जाईनास वर? इथं बसून काय बघायलीस?"

"अप्पांचं पाणी," ती म्हणाली. शिवलीलाअक्का खांद्यावरचे कपडे सावरत वर गेल्या.

शुक्रवारी सकाळी सुप्रीतानं त्या फोटोच्या वेळची नोंद उघडली. फोननं लांबचं बघायला आकडा कमी कमी करत नेला होता. चारशे, तीनशे पन्नास, तीनशे दहा. तीनशे दहाला थांबला. परत प्रयत्न, परत तीनशे दहा. सहा वेळा तो तिथे येऊन अडकला होता आणि मग नाइलाजानं त्यानं तसाच फोटो काढला होता. मास्तरांच्या डोंगराची नोंद काढली, तिथेही तीनशे दहा. बसच्या पाटीलाही तोच आकडा.

तिनं स्वतःचा तक्ता उघडला. शेवटची ओळ तिच्याच हातची होती: नऊ फूट, तीनशे दहा. आणि पुढे तिनंच लिहून ठेवलेला शेरा: सर्वांत लांब.

नऊ फूट. टेबलापासून कपाटापर्यंत. शिंप्याच्या टेपनं तिनंच मोजलेले. ज्या बाईनं अकरा वर्षं कॅमेऱ्यांचंच काम केलं, तिला तक्ता करताना एकदाही आठवलं नाही की नऊ फुटांपलीकडे काही असतं. डोंगर असतात, बसगाड्या असतात, माणसं असतात. कपाट आलं की जग संपलं, असं तिनं लिहून दिलं होतं, आणि हजारभर लोकांच्या फोनांना तिनं आपल्याबरोबर या खोलीत कोंडून ठेवलं होतं. तिला आधी हसू फुटलं, मग इतकी लाज वाटली की कान तापले.

दोष सापडला, पण खालचे आकडे खोलीत बसून मिळणार नव्हते. लांबची वस्तू समोर हवी आणि एकेक आकडा तपासायला ती स्वतः हवी. साडेतीनला तिनं अप्पांना पाणी पाजलं. त्या दिवशी शिवलीलाअक्कांना सुट्टी होती. त्यांना तिनं खुर्चीवर बसवलं, वाटी-चमचा झाकून ठेवला आणि म्हणाली, "तासाच्या आत येते. काही झालं तर फोन करा, पाणी द्यायला जाऊ नका. ते घेणार नाहीत."

"बेडा," अप्पा पलंगावरून म्हणाले. "सुप्री, जाऊ नको."

ती गेली. दोन जिने चढताना तिला धाप लागली. गच्चीवर ऊन होतं, आणि एवढं आभाळ एकदम बघून तिला गरगरलं. भिंतीला धरून ती थोडा वेळ उभीच राहिली. मग तिनं कठड्यावर फोन लावला, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि दोनतीन गल्ल्या पलीकडची एक निळी पाण्याची टाकी धरली. तीनशे. दोनशे नव्वद. टाकीच्या कडा गोळा व्हायला लागल्या. दोनशे साठला शिडी दिसू लागली. तेवढ्यात फोन वाजला.

"बंगारा, सोन्या, खाली ये. उबळ आलीय."

जिना ती कशी उतरली ते तिला कळलं नाही. दर पायरीला एकच वाक्य डोक्यात घुमत होतं: मी मारलं त्यांना, एका आकड्यासाठी मारलं. दार सताड उघडं होतं. आत शिवलीलाअक्कांनी अप्पांची मान डाव्या हातावर धरली होती आणि उजव्या हातातला चमचा त्यांच्या ओठांत होता. अप्पा गिळत होते. एक चमचा गेला, दुसरा गेला. तिसऱ्यासाठी त्यांनी स्वतः तोंड उघडलं.

चेहऱ्यावरचा जांभळा रंग उतरला. मग त्यांना दारातली सुप्रीता दिसली आणि त्यांनी चटकन डोळे मिटून घेतले.

ती जिवात जीव येऊन खाली बसेल असं शिवलीलाअक्कांना वाटलं असावं. पण तिला भयंकर राग आला. चौदा महिने! चौदा महिने तिनं भाजी दारातून घेतली, सण दारातून घेतले, मैत्रिणीच्या मुलीचं लग्न फोनवर बघितलं. आणि तो सगळा डोंगर एका चमच्यानं पोखरून निघाला. त्याहून मोठा राग स्वतःचा आला. सुरुवातीच्या महिन्यात त्यांनी तोंड फिरवलं, एवढंच बघून तिनं जन्माचा हिशेब मांडून टाकला होता. परत कधी कुणाला चमचा धरू दिला नव्हता.

"सुप्री," अप्पा डोळे न उघडता पुटपुटले, "मडी मोडली. प्रायश्चित्त काय घ्यायचं ते मठातल्या आचार्यांना फोन करून विचार. आत्ता विचार."

ती पलंगाशी गेली, त्यांच्या हनुवटीवर ओघळलेलं पाणी पदरानं टिपलं. 

"विचारते, अप्पा. आधी गच्चीवरचं काम संपवते."

"आणि मला पाणी लागलं तर?"

"अक्का आहेत ना." ती शिवलीलाअक्कांकडे वळली. "साडेचारला परत पाच चमचे द्या. मान थोडी आणखी वर धरा."

अप्पांनी डोळे उघडले. मुलीकडे बघितलं, मग त्या परक्या बाईकडे, आणि मग छताकडे. "सरी, बरं," ते शेवटी म्हणाले, जणू एखादी फाईल नाइलाजानं पुढे सरकवावी तसं.

वर फोन कठड्यावर तसाच होता. दोनशे साठवरून तिनं पुढे सुरुवात केली. दोनशे पाचला टाकीच्या शिडीवर चढलेला माणूस दिसला, त्याच्या खांद्यावरची नळी दिसली, त्याच्या सदऱ्याच्या चौकटी दिसल्या. कुणी ओळखीचा नव्हता. तरी सुप्रीताचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत. तिनं तक्त्यातला शेरा खोडला, नवी ओळ घातली आणि पाचला दहा मिनिटं कमी असताना तक्ता रघुपतीला पाठवून दिला.

मग ती खाली गेली नाही. लॅपटॉप मिटून ती कठड्याशी उभी राहिली आणि फोनशिवाय, नुसत्या डोळ्यांनी, तो माणूस टाकी धुऊन उतरेपर्यंत बघत राहिली.