दिवा लागला का जी?

त्यांना आमच्या फाटकाशी यायची बंदी मीच केली होती.

अधारताल या शहराच्या कडेच्या वस्तीत, आमच्या गल्लीत विदर्भातून आलेली घरं होती. राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, आम्ही इथंच राहिलो. तेव्हा भोवती शेतं आणि मिट्ट काळोख, म्हणून संध्याकाळी एकमेकांच्या घरी हाक मारायची रीत पडली. पुढं वीज आली, बरीच घरं विकली गेली. रीत पाळणारे एक म्हातारे शेजारी तेवढे उरले. भर उन्हाळ्यातही कानाला मफलर. फाटकाची कडी वाजवून विचारायचे, "दिवा लागला का जी?" आतून "लागला" आलं, की "अच्छा, चलो" म्हणत पुढं.

मला त्यांची भीती वाटू लागली. कोणतं घर कधी रिकामं असतं, हे या माणसाला रोज कळतं. माझी आई दिवसभर एकटी.

"काहून विचारून राहिले तुम्ही रोज? आमच्या दारी येऊ नका," मी दरडावलं.

"बरं भैया," एवढंच ते म्हणाले.

एकदा सिहोरा गावाहून रात्री परतलो, तर घर अंधारात आणि फाटक सताड उघडं. आत कुणीतरी हललं. मी काठी उचलली.

आई नळाजवळ पडली होती. तिचं डोकं मांडीवर घेऊन ते बसले होते. काठी पाहून त्यांनी हात जोडले. "भैया, अंधार दिसला म्हणून आलो जी. मारू नका."

आई वाचली. ती दवाखान्यातून घरी आल्यावर मी त्यांच्या दारी गेलो.

"काका, मी तुम्हाला चोर समजलो. मला माफ करा."