आत्याच्या रस्त्यातली डबी

उमरग्याला कुणी फिरायला जातं का, असं घरी सगळ्यांनी विचारलं. पण माझी आत्या तिथं सिमेंटच्या रस्त्यावर पाणी मारते आणि फोनवर म्हणाली होती, "आमच्या रस्त्यात डब्या पुरल्यात. ओल कुठं कमी झाली ते बोलून दाखवतात." एवढ्यावर निघालो.

पुण्याहून पहाटेची एसटी सोलापूरपर्यंत, तिथून हैदराबादकडं जाणारी दुसरी. उमरग्याच्या अलीकडं ढाब्यावर थाळी शंभराला, शेंगाची चटणी मागाल तेवढी. पुढं आतल्या गावाला वडापची जीप. उन्हाळ्यात जाणार असाल तर टोपी घ्या, मी विसरलो होतो.

कामावरच्या इंजिनिअर मॅडमनी डबी दाखवली. काड्यापेटीएवढी. काँक्रीट ओतायच्या आधी ती सळईला बांधतात, मग आतली ओल आणि उष्णता मोबाईलवर दिसते. तार नाही, मग येते कशी? त्यांनी दोनदा समजावलं, मी दोनदा मान हलवली. डोक्यात काडीचं शिरलं नाही.

आत्याचं काम मात्र कळलं. ताज्या काँक्रीटवर गोणपाटं अंथरायची आणि दिवसभर ओली ठेवायची, नाहीतर ते तडकतं. "इतक्या वर्षांत माझा एक तुकडा तडकला न्हाय," ती म्हणाली. दुपारी ती टँकरकडं गेली. ऊन सोसेना, म्हणून मी कडेचं एक गार गोणपाट ओढलं आणि बाभळीखाली आडवा झालो. काय झोप लागली म्हणता!

उठलो तर मी मातीत लोळत होतो, गोणपाट गायब. समोर मॅडम आत्याला मोबाईल दाखवत होत्या. सातवा तुकडा तासभर कोरडा होता म्हणे, मावशी, तुम्ही पाणी मारलं नाही का? आत्यानं एकदा माझ्याकडं बघितलं.

"चुकलं मॅडम," ती म्हणाली.

उद्यापासून तिनं गाड्यांना झेंडी दाखवायची, पाण्यावर दुसरी बाई, असं ठरलं. मी चक्रावलो. सकाळपासून माझ्या डोळ्यांदेखत ती राबत होती, मग चुकलं काय? मला त्या डबीचाच राग आला. परतीच्या एसटीत सगळा वेळ तिलाच शिव्या घालत होतो.

घरी शर्ट धुताना पाठीवरून तागाचे धागे निघाले, सिमेंट लागलेले. तेव्हा कुठं उजेड पडला. आत्याला फोन लावून विचारलं, तुला ठाऊक होतं?

"व्हय. तुझ्याखालचं गोणपाट मीच काढून परत अंथरलं. पण माहेरचं माणूस पहिल्यांदा माझ्या कामावर आलं. चारचौघांत त्याचं नाव कसं घेऊ?"

मॅडमचा नंबर मागितला, तिनं दिला नाही. डबीला जागा कळली, वेळ कळली, पण गोणपाट कुणी नेलं ते तिला कुठून कळणार?

शनिवारी पुन्हा पहाटेची एसटी धरतोय. मॅडमसमोर उभं राहून एवढंच सांगायचंय, सातवा तुकडा मी वाळवला.