राखीव रविवार

माझ्या सासऱ्यांइतका नियमाचा पक्का माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नसेल, आणि हे मी जावई असून सांगतोय, म्हणजे विचार करा. जावयाला सासुरवाडीत जो मान असतो, तो आमच्याकडे नंबराप्रमाणे मिळतो. त्यांची सगळी नोकरी कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गेली. कोणाच्या उसाला कधी तोड द्यायची, त्याची यादी हे लावायचे. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. पुढाऱ्याचा फोन येवो की सख्ख्या मेहुण्याचा, नंबर मोडायचा नाही. स्वतःचा ऊस मात्र सगळ्यात शेवटी, उगाच कोणी बोट दाखवायला नको म्हणून. तोवर तो तुरे येऊन पार वाळलेला असायचा. निवृत्त होऊन केडगावला घर बांधलं, यादी लावायला ऊस उरला नाही, तेव्हा त्यांनी आमच्या जेवणाची यादी लावली.

त्याचं झालं असं, की रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी केडगावलाच जेवायचं हा त्यांचा हट्ट. पण सासूबाईंना शुगर, थोरल्या मेव्हण्याला जिममुळे प्रोटीन हवं, त्याची बायको कांदा-लसणाला शिवत नाही, त्यांच्या मुलीला पास्ता, पुण्याच्या धाकट्याला चायनीज, माझ्या बायकोला झणझणीत आणि मला, खोटं कशाला बोलू, मटण. दर रविवारी कोणीतरी रुसायचं. मग धाकट्याला पुण्यात कामं निघायला लागली, पाठोपाठ थोरल्याला आणि आम्हालाही. दोन रविवार सासू-सासरेच मोठ्या पातेल्यासमोर बसून जेवले. तिसऱ्या रविवारी फ्रिजवर यादी चिकटली. आठ आठवडे, सात नावं आणि आठवा रविवार ‘राखीव’. ज्याचा नंबर त्याच्या आवडीचं, बाकीच्यांची पथ्यं सांभाळून. आणि कोणी गैरहजर राहिला तर त्याचं नाव थेट तळाला. धाकटा नूडल्सचा नंबर जाईल या भीतीने पुण्याहून वेळेवर यायला लागला, यातच सगळं आलं.

शुक्रवारी मोबाईलवर हुकूम यायचा : ‘नंबर सूनबाई. दालबाटी. शुगरवाल्यांनी बाटी अर्धी. जावयांनी तूप जपून.’ नातीच्या पास्त्याच्या दिवशी त्यांनी सोबत बाजरीची भाकरी ठेवली होती, कारण भाकरीशिवाय उठलेला माणूस त्यांच्या हिशेबी उपाशीच. एकदा माझे साहेब जेवायला यायचे होते म्हणून मी मटणाचा रविवार अलीकडे घ्या म्हणालो, तर म्हणाले, “पाव्हणं, सायबाला म्हनावं, लागण उशिरा झालीय.” मग मी राखीव रविवारावर डोळा ठेवला. तो दर वेळी ज्याने आधी फोन केला त्याला मिळायचा. मी तीनदा लाटला.

गेल्या महिन्यात चौथ्यांदा लाटायला फोन केला, तो सासूबाईंनी उचलला. “घ्या की पाव्हणं,” त्या म्हणाल्या. “त्यास्नी सवयच हाय. राखीव म्हंजी त्यांचाच नंबर. शेंगोळं खायाचं लई मनात हाय. हुलग्याचं पीठ दळून ठिवलंय, पन तुमी कुनी खात न्हाई म्हनून बोलत न्हाईत.” लाज वाटली हो मला. ऊसही शेवटी आणि घासही शेवटी.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मटणाविरुद्ध सगळ्यांना फोन केले. रविवारी हुलग्याच्या पिठाची वेटोळी रश्शात रटरटत होती. सुनेचा वाटा लसूण पडायच्या आधीच बाजूला काढला. थोरल्याने मोबाईलवर बघून प्रोटीन भरपूर असल्याचं जाहीर केलं. सासूबाईंनी शुगरची चिंता न करता दोनदा वाढून घेतलं, बायकोच्या डोळ्यांतून मनासारखं पाणी आलं, धाकट्याला ते जाड नूडल्स वाटले आणि नातीला पास्ता. मला रस्सा मिळाला, माझी तक्रार नव्हती. दीड वर्ष सात जणांची सात पथ्यं जुळवणाऱ्या या माणसाची स्वतःची आवडच सगळ्यांना चालणारी निघाली! ते मात्र मान खाली घालून जेवत होते. तीन वाट्या झाल्यावर फक्त म्हणाले, “लसूण जरा कमी पडला.”

“दादा, दर रविवारी हेच करू,” धाकटा वडिलांना म्हणाला. “यादीची भानगडच नको.”

सासऱ्यांनी हात धुतले, फ्रिजसमोर गेले, ‘राखीव’ खोडलं आणि तिथं स्वतःचं नाव लिहिलं. “न्हाई. माझा नंबर आता आठ आठवड्यांनी,” आमच्याकडे पाठ करूनच ते म्हणाले. “तवर समद्यांनी येत ऱ्हावं.”

धाकट्याने मोबाईल काढला आणि कॅलेंडरमध्ये पुढच्या आठही रविवारांवर खूण केली. मग मीही केली.