बाजरीतली सामसूम

आसराबाईचा कान सगळ्या वाडीला ठाऊक होता. नवरा तापानं गेल्यावर म्हातारा सासरा रखमाजी अन् ती मिळून शहागडच्या वरच्या अंगाला, गोदावरीकाठी मेंढरं राखत. जन्मभर रानात हिंडून तिला एक पक्कं कळलं होतं, आवाज सगळीकडं सारखा चालत नाही. भर दुपारी तापल्या रानात मारलेली हाक वरच्या वर विरते. सकाळच्या गारव्यात मात्र नदीपल्याडचं खोकणंसुद्धा पाण्यावरून सरळ अल्याड येतं.

अठ्ठेचाळीस सालचा भादवा. निजामाच्या मुलखात हत्यारबंद टोळ्या फिरत होत्या. शेजारच्या दोन वाड्या जाळल्याची खबर आली होती. एका सकाळी आसराबाई पाण्याला गेली, तर नदी धुक्यात बुडालेली. पल्याडचा काठ दिसेना. तेवढ्यात लोखंडावर लोखंड घासलं. घोडं फुरफुरलं. मग कुणीतरी अगदी कानाशी बोलावं तसं बोललं, "नाव एकच हाय. तीन खेपा होतील. आधी ही समोरची वाडी."

घागर तिथंच टाकून तिनं काकासाहेब पाटलांचं घर गाठलं.

पाटील ऐकून हबकले. "जल्दी करा, सगळ्यांना बारवेत उतरवा. आत कुणी दिसायचं न्हाई."

"दिसायचं न्हाई, पण ऐकू येईल, पाटील."

"आता वाद नको, आसरे."

ती पाटलांना बारवेशी घेऊन गेली अन् एकटीच पायऱ्या उतरली. तळाला पाण्याशी थांबून, लेकराला निजवताना बोलावं इतक्या हळू म्हणाली, "पाटील, पटक्याचा सोगा सुटलाय तुमचा."

वर काठावर उभ्या पाटलांचा हात आपसूक सोग्याकडं गेला. त्यांचा चेहरा पडला. "मंग जायचं कुठं?"

"बाजरीत. उभं पीक आवाज गिळतं."

बेचाळीस माणसं बाजरीत शिरली. रखमाजी तेवढा वाघुरीजवळ बसून राहिला. जाळ्यात कोंडलेल्या मेंढरांकडं बोट करून म्हणाला, "ह्यांना टाकून मी येत न्हाई. तू जाय." आसराबाईनं "मामा, चला" म्हणत हात धरून ओढलं, पाया पडली. म्हातारा हलेना. शेवटी ती एकटीच गेली.

ओल्या मातीवर सगळे पालथे पडले. झुंबरबाईचं तान्हं खोकलं. तिनं त्याला पदराखाली दाबून धरलं, तरी ते पुन्हा खोकलं. वीस पावलांवरच्या बांधावरून खांद्यावर बंदुका टाकलेली माणसं चालली होती. एकानंही मान वळवली नाही.

ती माणसं वाडीकडं गेली अन् सामसूम झाली. आसराबाईनं कान टवकारले. पानांची सळसळ, आणखी काही नाही. वाडीकडून कुत्रं नाही, मेंढरू नाही, माणूस नाही. पोराचं खोकणं जिनं गिळलं होतं, त्या बाजरीनं वाडीही गिळली होती. थोड्या वेळानं धुराचा वास आला.

"गेले का गं?" पाटलांनी विचारलं.

"कळंना, पाटील. मला कायबी कळंना."

दिवस कलल्यावर सगळे बाहेर आले. तीन घरं जळून गेली होती. बारवेच्या पायऱ्यांवर तळापर्यंत जोड्यांचे चिखलाचे ठसे उमटले होते. वाघूर फाटलेली, मेंढरं नेलेली. फाटक्या जाळ्याशी रखमाजी पडला होता. डोकं फुटलेलं, तोंड उघडं.

पुढच्या आठवड्यात हिंदुस्थानची फौज आली, टोळ्या पांगल्या, निजामाचं राज्य गेलं. चावडीवर गूळ वाटला. पाटील वाटी घेऊन स्वतः आसराबाईच्या दारी आले. "बेचाळीस जीव वाचले तुझ्यामुळं."

"मामा ओरडले असतील, पाटील," ती म्हणाली. "शंभर पावलांवर तर होते."

पाटलांनी वाटी उंबऱ्यावर ठेवली अन् ते खाली मान घालून निघून गेले. आसराबाईनं पुन्हा मेंढरं केली नाहीत. लोकांच्या रानात खुरपायला जायची. बाजरीच्या राखणीला मात्र कुणी कितीही बोलावलं, तरी ती गेली नाही.