मधली बाई पुसायची नाही

"ती मधली बाई पुसून टाक," मॅडम म्हणाल्या. "तिथे स्पॉन्सरचा लोगो येणार आहे."

माझा हात पिठाने भरलेला, तशीच उभी राहिले. इथे आखातात, अल क्वोजमधलं भाड्याचं गोदाम. मराठी मंडळाचा दिवाळी मेळावा. गेरू फासलेल्या प्लायवूडवर मी सकाळपासून लग्नाचा चौक काढत होते. त्यांना सेल्फी पॉइंट हवा होता. मी इथल्या एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करते. डहाणूकडची वारली. कुणीतरी मंडळाच्या या मॅडमना सांगितलं, आणि सुट्टीच्या दिवशी मला बोलावणं आलं.

मधली बाई म्हणजे पालघट, आमची देवी. लग्नात आधी तिला भिंतीवर बोलावतात, मग नवरा-नवरी उभे राहतात. माझी आई धवलेरी होती, लग्न लावणारी. आमच्यात भटजी लागत नाही, बाईच गाणी म्हणून लग्न लावते. मॅडमना मी आधीच सांगितलं होतं, "हा चौक हवा असेल तर देवीला गाऊन बोलवावं लागेल. मग तिला मध्येच उठवायचं नसतं." "हो हो, व्हेरी ऑस्पिशस," म्हणाल्या होत्या. म्हणून आईचं गाणं पुटपुटत मी तिला काढलं. आणि आता लोगो. आयत्या बिळावर नागोबा.

"पुसता येणार नाही मॅडम. बोलावलंय तिला."

"अगं, डिझाइन आहे ते! आणि असले जंगली देव इथे चालत नाहीत. उगाच प्रॉब्लेम व्हायचा."

शेजारच्या टेबलावर लक्ष्मीचा फोटो होता. झेंडूचा हार घातलेला. त्याचा प्रॉब्लेम नव्हता.

असलं बोलणं मी आश्रमशाळेतही ऐकलं होतं. पहिला घास धरतरीला, म्हणजे जमिनीला, ही आमच्या घरची रीत. मी पंगतीत घास खाली ठेवला. गुरुजींनी पाहिलं. "हा रानटीपणा कुठून शिकलीस?" सगळ्यांसमोर तो घास मातीसकट उचलून खायला लावला. पोरं हसली. दातांखाली माती करकरली. तेव्हापासून पहिला घास मी मनातल्या मनात ठेवत आले. लाज वाटायची. माझ्याच आईच्या देवाची मला लाज वाटायला लावली होती त्यांनी.

मॅडमची मुलगी सकाळपासून माझ्याजवळ बसली होती. कॉलेजात जाते. इथेच जन्मली. काळं नेलपॉलिश, गळ्यात चंद्रकोरीचं लॉकेट. चौकाकडे बघून म्हणाली होती, "मावशी, इज शी द अर्थ?" चेटकिणींची कुठलीशी वेब सिरीज बघून तिला नाद लागला, मग एक गेम, मग वाचत सुटली. पौर्णिमेला बाल्कनीत दिवा लावते. स्वतःला पेगन म्हणते. तो शब्द मला नवा. म्हणजे काय, विचारलं. जमिनीला, झाडाला, चंद्राला मानणारे, म्हणाली. म्हटलं, मग आमचा अख्खा पाडाच की गं! दोघी खूप हसलो. मग मान खाली घालून म्हणाली, "आय नो इट्स फ्रॉम अ शो. बट आय रिअली फील इट."

तीच आता पुढे आली. "मम्मा, प्लीज. डोन्ट वाइप हर."

मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल अशा हसल्या. "घ्या! हिचे देव जंगलातले, आमच्या बाईसाहेबांचे देव सिरीजमधले. छान जोडी जमली!"

सगळे हसले. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मीही हसते का, ते बघत होती. तो चेहरा मी ओळखला. पंगतीत माती चावताना माझा तसाच झाला असणार. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

आईकडे बाया गाणी शिकायला यायच्या. कुणी बाजारात ऐकून आलेली, कुणी परक्याच्या मांडवाबाहेर उभी राहून. कुठून शिकलीस, असं आईने कुणाला विचारलं नाही. एवढंच म्हणायची, "हात धुतलेस? मग बस."

मी मुलीला म्हटलं, "हात धुवून ये."

ती धावत गेली, धावत आली. मी बांबूची काडी तिच्या हातात दिली. चौकात चंद्र असतोच. त्याची जागा अजून कोरी होती. "काढ तुझा चंद्र."

मॅडमनी ओलं फडकं माझ्यापुढे धरलं. "पूस. नाहीतर चालती हो, आणि पुन्हा मंडळात दिसू नकोस."

"तुम्ही पुसा," मी म्हणाले. "मी तिला बोलावलंय. मी हाकलणार नाही."

त्यांचाही हात उठला नाही. शेवटी दोघा कामगारांनी यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करत वरून लोगोचा फ्लेक्स ठोकला. पालघट झाकली, मुलीचा वाकडातिकडा चंद्रही झाकला. मी निघाले. लोक त्यापुढे उभे राहून फोटो काढत होते.

मंडळाचं बोलावणं परत आलं नाही. नकोच. मुलीचे मेसेज येतात. तिच्यासारख्या आणखी मैत्रिणी आहेत, त्यांनाही माझ्याकडे चौक शिकायचाय. "कॅन दे कम, मावशी?" त्यांना भीती वाटते, की मी विचारेन, खऱ्या आहात की सिरीज बघून आलात?

नाही विचारणार. मला विचारलं होतं, त्याची चव अजून जिभेवर आहे. या. सिरीज बघून या, गेम खेळून या. हात धुवा आणि बसा. पहिला घास जमिनीला ठेवू, सगळ्यांच्या देखत, आधी मी. हसणाऱ्याने आधी माझ्याशी बोलायचं. आणि चौकातली मधली जागा आता कुणाच्या बापासाठी रिकामी होणार नाही.